धुक्यातला हॉर्न

इथे यूएईत, जेबेल जैस डोंगरावर बर्फ पडल्याचं कळलं आणि मी एकटाच बघायला गेलो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. अभ्यास सोडून नुसतं डोंगर चढायला जातोय, हे आईला कसं समजवावं ते कळेना, म्हणून सांगितलंच नव्हतं.

वर धुकं असं उतरलं की माझेच बूट दिसेनात. दरी कुठल्या बाजूला होती तेही समजेना. मी जागीच थांबलो.

खालून गाडीचा लांबलचक हॉर्न आला. "आलो गं!" अगदी जवळून कुणीतरी मराठीत ओरडलं.

धुकं क्षणभर विरळ झालं, तर माकडटोपी घातलेले एक काका उकिडवे बसून चमच्याने थर्मासमध्ये बर्फ भरत होते. "मिसेसचे गुडघे दुखतात, वर चढवत नाही, म्हणून बर्फच खाली नेतोय. मी हरवू नये म्हणून ती हॉर्न वाजवतेय."

पुन्हा हॉर्न आला, आधीपेक्षा मोठा. काका खूश झाले. "आता चिडली. बरं झालं, नीट ऐकू येईल. यल्ला, चल."

माझी बाही धरून ते निघाले. प्रत्येक हॉर्नला थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे, मगच पाऊल टाकायचे.

गाडीतल्या काकूंनी थर्मासकडे पाहिलंही नाही. "हा कुणाचा? अरे, घरी सांगून आलास का?"

मी नाही म्हणालो.

"मग आधी आईला फोन लाव."

आईचा आवाज चढत गेला. काका हळूच म्हणाले, "ऐकून घे. त्यानेच वाट सापडते."

त्यांचं नाव विचारायचं राहिलं. मी फोन कानाला आणखी घट्ट लावला होता.