वशिंड नसलेल्या बैलाला आवतन

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी फिदीफिदी हसणारी मीच... म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

एकोणऐंशी-ऐंशीची गोष्ट. आमचं गाव केळझरजवळ, घरी शेती. मामाने नागपूरला एका जुन्या बंगल्याच्या लिलावातून आईसाठी ब्राँझचा बैल आणला होता – दीड वीत लांब, पण उचलायला दोन हात लागत. नाकपुड्या, गळ्याच्या घड्या, सगळं अगदी जिवंत! खाली चौथऱ्यावर फ्रेंच सही. आईने मात्र पाहताक्षणी खोड काढली, "अवं माय, वशिंडच नाई याले!"

"विलायती हाय, बाई," मामा म्हणाला. "तिकडच्या बैलायले नसते."

त्या वर्षी पोळा तोंडावर आला आणि आमचा ढवळ्या चरता चरता बोर धरणाजवळच्या जंगलाकडे हरवला. बाबांनी त्याला वासरापासून वाढवलेला. सगळं रान पालथं घालून ते ओसरीवर येऊन बसले. "एकटा पवळ्या घेऊन काय जाऊ पोळ्याच्या तोरणाखाली? मी नाई जात यंदा." त्यांचे भरलेले डोळे पाहून मलाही रडू आलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आईने पवळ्याचं केलं... आणि ढवळ्याच्या जागी तो विलायती बैल पाटावर ठेवला! वशिंड नाही, मग खांदा कुठे संपतो हे तिला कळेना. तिने आपली मानेपासून शेपटीपर्यंत सरळ तीन बोटं ओढली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या... अन् येतानी आमच्या ढवळ्याले घेऊन येजो."

रडता रडता मला हसू फुटलं. लोणी मांजर चाटेल म्हणून आईने बैल कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरणपोळीचं ताट मांडलं, आणि फाटकाशी घंटी वाजली. ढवळ्या! बाबा अनवाणीच धावले, त्याच्या गळ्यात पडले. मग एकदम थबकले.

"हळद कोणं लावली याले?"

मानेपासून, वशिंडावरून, थेट शेपटीपर्यंत – तीन बोटांचे पट्टे. असं बैलाला कोणी चोळत नाही हो, खांद्यालाच चोळतात! आईने कपाट उघडलं. विलायती बैलाची पाठ लख्ख. हळदीचा ठिपकाही नाही.

"काऊन घाबरून राह्यली?" आई मला म्हणाली. "आवतन देल्लं होतं, आला." आणि पहिली पोळी तिने ब्राँझच्या बैलापुढे ठेवली. संध्याकाळी बाबा जोडी सजवून तोरणाखाली उभे होते, नवरदेवाच्या बापाच्या थाटात.

पुढे माझी मुलगी आर्ट कॉलेजला गेली. तिने सांगितलं, एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये फक्त जनावरंच घडवणारे शिल्पकार होते. प्राणिसंग्रहालयात तासन्‌तास बसून एकेक स्नायू अभ्यासायचे, आणि मोठे कलावंत त्यांना नाकं मुरडायचे. हळदीबद्दल मात्र तिच्या पुस्तकांत काही नव्हतं.

आजही उत्तर सापडलेलं नाही. आई गेली, बैल माझ्याकडे आला. खांदशेकणीला मी त्याच्या पाठीवरून तीन बोटं ओढते, आवतन देते... त्याआधी फक्त शाळेतलं कुणी बघत नाही ना, एवढं पाहून घेते.