पाठीला पाठ

दीपमाला मॅडमनी बदली मागितली होती भोकरदनला, मिळाली स्वतःच्याच गावात, केदारखेड्याच्या पलीकडं. गावात वाढलेल्या बाईला गावच्याच शाळेत मान मिळायला वेळ लागतो, आणि विहारामागच्या वस्तीतून आलेलीला तर अंमळ जास्तच.

त्यांच्या चौथीच्या वर्गात राजनंदिनी होती. दिवाळीत तिची आई गेली, तेव्हापासून पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. हजेरीला हात वर करायची, बस्स. मॅडमनी लाडीगोडी लावली, गोष्टी सांगितल्या, एकदा तर रागावूनही पाहिलं. पोर ढिम्म.

मॅडमची आईही अशीच अवेळी गेली होती. तेव्हा वडिलांनी, अण्णासाहेबांनी, उपदेशाचे डोस पाजले नाहीत. विहारात शिकलेलं आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, त्यांनी आपल्या रीतीनं केलं. लेकीच्या पाठीला पाठ लावून बसले आणि म्हणाले, डोळे मीट, आधी तुझा श्वास बघ, मंग माझा. तेच मॅडमनी वर्गात आणलं. परिपाठ झाला की पोरं जोडीजोडीनं पाठीला पाठ लावून बसायची. राजनंदिनीच्या जोडीला मॅडमचा भाचा सूरज होता. हळूहळू ती त्याच्या पाठीवर निवांत रेलू लागली. एके दिवशी तर तिचे ओठ हलले. त्या दिवशी मॅडम घरी जाऊन ढसाढसा रडल्या.

गावात बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागतो? शाळा समितीची बैठक बसली. अध्यक्ष धर्मराज, म्हणजे राजनंदिनीचे आजोबा. माणूस इतका गोड बोलणारा, की त्याच्याशी धड भांडताही येत नाही. सूरजचे आजोबा म्हणून अण्णासाहेबही मागच्या रांगेत होते.

"मॅडम, तुम्ही शिकवता बिलकुल चांगलं," धर्मराज म्हणाले. "पण पोरांना डोळे झाकून बसवून राह्यल्या, हे विहारातलं है का?"

खरं बोलावं तर सगळंच बंद पडणार आणि पोरगी कायमची मुकी राहणार.

"न्हाई आबा. मोबाइलवर पाहिलं. शहरातल्या शाळांत करतात."

मागं वळून पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.

"मंग बराबर है, चालू द्या. फक्त ते पाठीला पाठ तेवढं नको. पोरं दूरदूर बसवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जातीचं नाव कुणीच घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती.

घरी अण्णासाहेब एवढंच म्हणाले, "बरं केलंस. पोरीचं भलं होऊ दे." त्यांनी मुस्काटात मारली असती तर मॅडमना सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी पोरं हातभर अंतरानं बसली. डोळे कुणी मिटेना, खडूचे तुकडे उडू लागले. राजनंदिनीनं दोनदा मागं वळून पाहिलं, मग उठून कपाटाच्या आडोशाला जाऊन बसली. मॅडमचा जीव तुटला. गेली नोकरी तर गेली, असं म्हणत त्या तिच्यामागं जमिनीवर बसल्या आणि आपली पाठ तिच्या पाठीला लावली.

पोरगी चटकन पुढं सरकली.

"आबा म्हणले, बाईच्या पाठीला बी टेकायचं न्हाई."

आवाज बारीक, पण स्वच्छ. सगळ्या वर्गानं ऐकला. राजनंदिनी बोलली म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या.