लामकाकूंचं ‘छाव’

एकेका शब्दाभोवती किस्से कसे जमत जातात, कळतही नाही! अमेरिकेत चँडलरच्या आमच्या कॉम्प्युटर चिप कंपनीत ‘छाव’चे जमले. शब्द कॅन्टोनीज, आणला मिसेस लामनी. हाँगकाँगच्या, पंचावन्नच्या, आमच्या टेस्टिंग ग्रुपच्या लीड. पुण्याच्या नितीनने पहिल्याच आठवड्यात त्यांना ‘लामकाकू’ केलं, आणि त्या चक्क ओ द्यायला लागल्या!

*

छाव म्हणजे मोठ्या आचेवर परतणं. माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी चाखून काकू म्हणाल्या, “हे छाव नाही. तू कढईला घाबरतोस!”

शनिवारी घरी बोलावून शिकवलं. रविवारी माझ्या बायकोने भाजी दोनदा वाढून घेतली. लग्नानंतर पहिल्यांदाच!

*

नितीनने चायनीज हॉटेलात फ्राइड राइस खाल्ला आणि सोमवारी ऐटीत सांगितलं, “काकू, काल मी छाव झालो!”

काकू ताडकन उठल्या. “कोणी काढलं तुला? आत्ता जाऊन बोलते!” मॅनेजरच्या दारापर्यंत पोचल्यासुद्धा! आम्ही धावत जाऊन अडवलं.

मग कळलं, बोलीभाषेत छाव म्हणजे नोकरीवरून काढणं. स्क्विड, म्हणजे माकूळ, परतला की गुंडाळला जातो, पूर्वी नोकरी गेलेला माणूस वळकटी गुंडाळायचा तसा.

*

एकदा त्यांचा फोन आला, “गाडी छाव केली.”

नितीन म्हणाला, “एवढी मोठी कढई?”

गाडी खांबावर आपटली होती यार! तासाभरात बाई कपाळाला पट्टी लावून टॅक्सीने लॅबमध्ये हजर. टेस्ट रन होता ना!

*

२००२ मध्ये लेऑफ सुरू झाले. प्रत्येक लीडने काढायच्या माणसाचं एक नाव द्यायचं. आमच्यात सगळ्यात नवा नितीन. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि बायकोला सातवा महिना. तो आठवडाभर धड जेवला नाही.

शुक्रवारी दुपारी काकू कागद घेऊन मॅनेजरकडे गेल्या. पाच मिनिटांत बाहेर आल्या आणि टेबलावरचे फोटो खोक्यात भरायला लागल्या.

नितीन त्यांच्या टेबलापाशी आला. “काकू... कोणाला छाव?”

“बॉसला,” काकू म्हणाल्या. “आमच्याकडे माणूस स्वतः नोकरी सोडतो, तेव्हा तो बॉसला छाव करतो.”

मग लॅबची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

“सोमवारी मशीन आठला सुरू होतं. तू पावणेआठला ये.”