घाणेरी आणि मिथुनची काडी

तलासरीजवळच्या पाड्यावरची ठकी आपल्या दिराला, मिथुनला, तोंडावर आळशी म्हणायची. माळावर घाणेरीची काटेरी झुडपं माजली की हा काडी लावायचा आणि मोठा पराक्रम केल्यासारखा मिरवायचा. गवत जळायचं, घाणेरी मात्र बुडातून दुप्पट फुटायची.

शेवटी ठकीने कुदळ घेतली आणि झुडपं मुळासकट खणून काढली. दोन पावसाळे तिथे कुणाचं ढोर फिरकू दिलं नाही. मिथुन हसत सुटला, "वहिनीला खूळ लागलंय!"

यंदा गवत कमरेएवढं वाढलं. सगळ्यांच्या आधी बैल घेऊन मिथुनच हजर.

"वहिनी, चरू दे की."

"आगलाव्या, विळा धर आणि कापून ने. बैल सोडलास तर तुलाच दाव्याला बांधीन."

अर्धा भारा होतोय तोच तो कंबर धरून बसला. ठकीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माळाच्या वरच्या अंगाला उरलेली घाणेरी खणायला गेली.