शहर वाचवणारा साहेब

सराफ्यातल्या आमच्या गल्लीत विजेची नवी, स्वतःहून शिकणारी यंत्रणा बसवायला जो साहेब आला होता, त्याचं नाव मी विचारलंच नाही. त्यानेच इतकं सांगितलं, की नावाला जागा उरली नाही.

बोलता बोलता तो खिशातल्या कंगव्याने भुवया विंचरायचा. या हिंदी शहरात आम्हाला मराठी बोलताना ऐकून हक्काने ओट्यावर टेकला, आमच्याच प्लगला आपली चार्जिंग संपलेली बॅटरीची स्कूटर लावली आणि म्हणाला, "पहले एका जागी बिघाड झाला, की आधं शहर बंद. आता सिस्टम खुद ओळखते अन् तेवढाच तुकडा तोडते. सारं शहर वाचते, ताई!"

तेवढ्यात वीज गेली. आत आईचं ऑक्सिजनचं मशीन ओरडायला लागलं. धावत जाऊन मी तिला सिलिंडर लावला. बाहेर आले, तर साहेब खूश.

"पाहा, किती फटकन तोडलं! तिकडे ओमती मोहल्ल्यात पंखासुद्धा थांबला नसेल."

"अन् आमचं काय, भैया?"

"काहून चिडून राहिल्या? तुम्ही तर बिघाडवाला भाग आहे ना जी."

बरोबरच होतं. शहर वाचलं होतं. आम्ही शहरात मोडत नव्हतो, एवढंच.

मग त्याने निघण्यासाठी स्कूटरची किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. कंगवा खिशात गेला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "इथे लाइट केव्हापर्यंत येते हो?"

मी त्याच्याकडे स्टूल सरकवलं.

"बसा. आता तुम्हीही बिघाडवाल्या भागातच आहात ना जी."