लूम बंद असण्याचे कारण

सॉफ्टवेअर शेठचे, फायदा शेठचा आणि खर्च मात्र आमचा, हे मला पहिल्याच बैठकीत कळले होते. नारपोलीतल्या आमच्या गल्लीतले यंत्रमागाचे सगळे कारखाने एकाच व्यापाऱ्याचे कापड विणून देतात. या शेठने सगळ्यांना एकाच सॉफ्टवेअरला जोडायचे ठरवले. कुणाचे लूम चालू, कुणाचे बंद, हे त्याला बसल्या जागी दिसणार. त्याच्या मॅनेजरने भिंतीवर दोन रकाने दाखवले. फायद्याचा गच्च भरलेला. खर्चाच्या रकान्यात टॅब आणि इंटरनेट, बस.

अब्बांनी विचारले, "मय्यत झाली तर?"

गल्लीत कुणाच्याही घरी मय्यत झाली, मग ते घर हिंदूचे असो की मुसलमानाचे, ती गल्लीबाहेर जाईपर्यंत सगळे लूम बंद राहतात. मॅनेजर हसला. म्हणाला, "चाचा, ये खर्चे में नहीं आता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काम त्याच्या हातात. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

पुढे शेजारच्या कारखान्यातला एक म्हातारा कारागीर गेला. सगळ्यांनी लूम बंद केले. टॅबवर कारण निवडायचे असते: वीज नाही, सूत नाही, कारागीर नाही. मय्यत त्यात नव्हतीच. आम्ही 'वीज नाही' निवडले, समोरच्यांनी 'सूत नाही', शेजाऱ्यांनी 'कारागीर नाही'. आपसात विचारावे, असे कुणाच्या मनातही आले नाही. सगळे मयतीला गेले होते.

एकाच गल्लीतून एकाच वेळी तीन वेगळी कारणे आलेली बघून मॅनेजरने आम्हा सगळ्यांना खोटारडे ठरवले आणि पुढच्या महिन्याचे काम अर्ध्यावर आणले. अब्बांनी फोनवर समजावून पाहिले. तो म्हणाला, खरे कारण असते तर यादीत असते. अब्बा उभे राहून बोलत होते, अजिजीने.

त्याच हिवाळ्यात अब्बा गेले.

समोरच्या कारखान्याचा मालक, अब्बांचा लहानपणापासूनचा दोस्त, सकाळीच आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाय, लूम चालू ठेवलेत. पुन्हा काम कापलं तर माझ्या हाती कायच उरनार न्हाय." त्याच्यावर चिडू तरी कशी? सगळ्यात आधी खांदा त्यानेच दिला.

जनाजा उचलताना मोठ्याने कलमा म्हणतात. मी दारातच उभी होते. लूमच्या खडखडाटात तो मला ऐकू आला नाही.