पाठीमागची भिंत

चिंचोक्याच्या खळीचा वास आला की मला सोलापूरबाहेरच्या उपचारकेंद्रातल्या त्या मावशी आठवतात. मनावरचे जुने घाव शरीराच्या वाटेने भरून यावेत म्हणून आम्ही दोघीही तिथे राहत होतो. भर उन्हाळ्यातही त्यांच्या खांद्यावर खळ दिलेले घोंगडे असे आणि पाठ भिंतीला चिकटलेली असे. व्यायाम शिकवणाऱ्या ताई डोळे मिटायला सांगत, तेव्हा मावशींची नजर दारावर खिळलेली असे.

"मावशी, भिंत काही पडत नाही हो," ताई एकदा हसून म्हणाल्या.

"भिंत न्हाय पडत की. पर मागनं कोन आलं तर?"

माझे खांदे आपोआप कानांपर्यंत चढले होते.

एका सकाळी व्यायामात जोडीने पाठीला पाठ टेकवून बसायचे होते. मागे कुणी आले की माझा श्वास अडकत असे. मी उठून निघालेच. तेवढ्यात मावशींनी भिंत सोडली. माझ्या जागेमागे घोंगडे अंथरून त्या पाठमोऱ्या बसल्या. दार आता माझ्यासमोर होते. त्यांना ते दिसत नव्हते. त्यांचा थरथरता श्वास मला ऐकू येत होता. मी परत बसले, पण ताठच. आमच्या पाठींमध्ये वीतभर तापलेली हवा होती. मागून दबक्या आवाजात त्या म्हणाल्या,

"टेक."